द्वेषास सवड नसलेलें शहर

परक्या गांवीं गेलेल्या प्रवाशास त्या गांवाची ओळख दोन प्रकारांनीं होते. एक ओळख गांव आपण होऊन करून देतें. ती पुतळ्यांत, संग्रहालयांत आणि रंगीत चित्रांच्या पुस्तिकांत असते. दुसरी ओळख गांव सहसा करून देत नाहीं. ती विचारणारासच मिळते. अमेरिकेंतील जॉर्जिया संस्थानची राजधानी जें अटलांटा शहर, तेथें आमचा मुक्काम होता त्या आठवड्यांत या दोन्ही ओळखी आम्हांस घडल्या. पहिलीविषयीं पुष्कळांनीं लिहिलें आहे. म्हणून ती थोडक्यांत आटोपून दुसरीविषयीं आज चार शब्द लिहावे असा आमचा विचार आहे. विषय दुःखद आहे. तरी तो मुलांबाळांचा व त्यांच्या आयांचा असल्यामुळें या मासिकाच्या वाचकांस, विशेषतः वाचक-भगिनींस, तो परका वाटणार नाहीं अशी आशा आहे.

अटलांटा हें आगगाडीनें जन्मास घातलेलें गांव आहे. १८३७ सालीं लोहमार्गाचें शेवटचें टोक कोठें असावें हें ठरवून रानांत एक खुंट रोवण्यांत आला, आणि त्या जागेस लोक 'टर्मिनस', म्हणजे शेवटचें ठिकाण, असें म्हणूं लागले. पुढें त्या ठिकाणाचें शहर झालें. यादवी युद्धांत १८६४ सालीं सेनापति शर्मन याच्या सैन्यानें तें जाळलें. नागरिकांनीं तें पुन्हां उभारलें, आणि राखेंतून झेंप घेणारा फिनिक्स पक्षी हेंच शहराचें बोधचिन्ह ठरविलें. कोका-कोला हें पेय १८८६ सालीं येथेंच निघालें. कृष्णवर्णी लोकांच्या समान हक्कांसाठीं प्राण वेंचणारे मार्टिन ल्यूथर किंग १९२९ सालीं येथल्याच ऑबर्न अव्हेन्यू या रस्त्यावरील एका घरांत जन्मले. त्यांची समाधिहि त्याच रस्त्यावर आहे, आणि जवळच १९९८ सालीं उभारलेला महात्मा गांधींचा पुतळा आहे. किंग हे १९५९ सालीं हिंदुस्थानांत आले होते, तेव्हां मुंबईस मणिभवनांतहि गेले होते. तो पुतळा पाहून आम्हां मराठी माणसांस परक्या मुलुखांत घरचें कोणी भेटल्यासारखें वाटलें.

या शहरास आपल्या एका बिरुदाचा मोठा अभिमान आहे. दक्षिणेंतील इतर शहरें वर्णद्वेषानें पेटत असतां, १९५० नंतरच्या दशकांत येथील मेयर विल्यम हार्ट्सफील्ड सांगत असत कीं, आमचें शहर उद्योगांत इतकें गढलेलें आहे कीं त्यास द्वेष करावयास सवडच नाहीं. तें म्हणणें शहरास इतकें मानवलें कीं तेंच त्याचें बिरुद होऊन बसलें. १९७३ सालीं मेनार्ड जॅक्सन हे कृष्णवर्णी गृहस्थ मेयर निवडून आले. दक्षिणेंतील मोठ्या शहरांत हा मान मिळविणारे ते पहिलेच. ३० जून १९७९ रोजीं शहराची नवी विजेची आगगाडी सुरू झाली. २१ सप्टेंबर १९८० रोजीं विमानतळाची प्रचंड नवी इमारत उघडली. तो विमानतळ आज हार्ट्सफील्ड व जॅक्सन या दोघांचीं नांवें धारण करतो. हा उत्कर्ष खोटा होता असें आम्ही म्हणणार नाहीं. पण या दोन तारखा वाचकांनीं ध्यानांत ठेवाव्या. कारण पुढील हकीकत त्याच दिवसांतील आहे.

आमचे यजमान शहराच्या उत्तरेकडील उपनगरांत राहणारें एक मराठी कुटुंब होतें. पाहण्यासारखीं बहुतेक स्थळें संपल्यावर आम्हीं वहिनींस म्हटलें, "नगरभवनापाशीं मुलांचें एक स्मारक आहे असें वाचलें आहे, तेवढें पाहूं." वहिनी चकित झाल्या. "कसलीं मुलें? पंधरा वर्षें आम्ही येथें राहतों, पण आमच्याजवळ कोणी तें नांव काढलें नाहीं बाई!" त्यांचा मुलगा शाळेंत गेला होता, तो परत येण्याच्या आंत घरीं यावयाचें असें ठरवून आम्ही निघालों.

नगरभवनाच्या आवारांत एक भिंत आहे, तेथें अखंड तेवणारी ज्योत आहे, आणि तीस नांवें कोरलेलीं आहेत. हें स्मारक २०२३ सालीं उघडलें. म्हणजे ज्यांचीं तीं नांवें, त्यांच्या मृत्यूनंतर चाळीसांहून अधिक वर्षांनीं. तीं नांवें मुलांचीं आहेत, कांहीं तरुणांचीं आहेत, आणि सर्व कृष्णवर्णी घरांतलीं आहेत. हीं सर्व माणसें १९७९ च्या जुलैपासून १९८१ च्या मेपर्यंत, बावीस-तेवीस महिन्यांच्या अवधींत, या एका शहरांतून व त्याच्या आसपासच्या वस्त्यांतून नाहींशीं झालीं.

पहिलीं दोन प्रेतें २८ जुलै १९७९ रोजीं शहराच्या नैर्ऋत्येस निस्की लेक या भागांतील झाडींत सांपडलीं. दोन्ही चौदाच्या आगेंमागें असलेल्या मुलग्यांचीं होतीं. नवी आगगाडी सुरू होऊन त्या दिवशीं बरोबर चार आठवडे झाले होते. पोलिसांनीं नोंद केली; वर्तमानपत्रांनीं फारशी दखल घेतली नाहीं. गरीब वस्तींतलीं मुलें, आपसांत कांहीं झालें असेल, अशीच समजूत झाली.

त्यानंतर २१ ऑक्टोबर १९७९ चा दिवस. नऊ वर्षांचा एक हुशार मुलगा शेजारच्या म्हाताऱ्या बाईसाठीं दुकानांतून तपकीर आणावयास गेला. वाचकांपैकीं कितीजणांनीं लहानपणीं आजीसाठीं वा शेजारच्या आजोबांसाठीं असा तपकिरीचा निरोप पोंचविला असेल! काम पायांखालच्या रस्त्यावरचें, दुकान ओळखीचें. मुलगा परत आला नाहीं. ८ नोव्हेंबर रोजीं एका बंद पडलेल्या शाळेच्या इमारतींत त्याचें प्रेत सांपडलें. त्याची आई कॅमिल बेल. पूर्वीं समान हक्कांच्या चळवळींत काम केलेल्या या बाईंनीं जें पुढें केलें, त्यामुळेंच ही गोष्ट जगास कळली.

आपल्या मुलाच्या मृत्यूची चौकशी करीत त्या हिंडूं लागल्या तेव्हां त्यांस दुसऱ्या आया भेटल्या. कोणाचा मुलगा पोहावयास गेला होता, कोणाचा दुकानांत सामान उचलून दोन पैसे मिळवावयास गेला होता. १९८० च्या मार्चमध्यें बारा वर्षांची एक मुलगी गेली. जूनमध्यें सात वर्षांची एक मुलगी रात्रीं आपल्या घरांतूनच नाहींशी झाली. प्रत्येक घराची तक्रार वेगळ्या टेबलावर, वेगळ्या कागदांत पडली होती. हे कागद एकत्र ठेवून पाहा, असें पोलिसांस प्रथम सांगणारे कोणी गुप्तहेर नव्हते. त्या या आया होत्या. १९८० च्या उन्हाळ्यांत त्यांनीं मुलांच्या हत्या थांबविण्यासाठीं एक समिति स्थापन केली, आणि त्याच सुमारास, जुलै महिन्यांत, पोलिसांनीं खास तपास-पथक नेमलें. पहिलीं प्रेतें सांपडून तेव्हां एक वर्ष होत आलें होतें.

येथें एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. हें शहर गोऱ्यांच्या हातांत होतें आणि त्यांनीं कृष्णवर्णी मुलांकडे दुर्लक्ष केलें, इतकी ती सोपी नाहीं. १९८० च्या शिरगणतींत सव्वाचार लाखांच्या या शहरांत दोन-तृतीयांश लोक कृष्णवर्णी होते. मेयर त्यांच्यांतले, पोलिसांवरचे मुख्य अधिकारी ली ब्राऊन हेहि त्यांच्यांतलेच. पुढारी व मतदार एका वर्णाचे होते. पण एका वस्तींतले नव्हते. ज्या मुलांचे जीव गेले तीं बहुतेक शहराच्या दक्षिणेकडील व पश्चिमेकडील गरीब वस्त्यांतलीं, सरकारी चाळींतलीं होतीं. शहराचें नांव तेव्हां परगांवच्या व्यापाऱ्यांत व सभा-संमेलनें भरविणारांत नुकतें दुमदुमूं लागलें होतें. अशा वेळीं आपल्या अंगणांत कोणी मुलें मारीत आहे, हें मोठ्यानें बोलावयास कोणास सवड होणार? ज्या उद्योगानें शहरास द्वेषापासून वांचविलें असें म्हणत, त्याच उद्योगानें त्यास या आयांचें ऐकूं येऊं दिलें नाहीं.

पथक नेमल्यावर पथकाची यादी झाली. पुढें सारा तंटा या यादीवरूनच माजला. कोणतें नांव तींत घालावयाचें आणि कोणतें नाहीं, याचा निश्चित नियम कधींच दिसला नाहीं. यादींत मुली दोनच होत्या. वीस वर्षें ओलांडलेले पुरुष १९८१ च्या वसंतांत तींत आले. चेट डेटलिंजर नांवाच्या एका माजी पोलीस अधिकाऱ्यानें आपण होऊन शहराचा नकाशा मांडला, मुलें कोठून गेलीं आणि कोठें सांपडलीं त्या जागा त्यावर टिपल्या, आणि दाखवून दिलें कीं, या जागा थोडक्याच रस्त्यांनीं एकमेकींस जोडलेल्या आहेत. आणि त्याच रस्त्यांवर मारल्या गेलेल्या आणखी कांहीं जणांचीं नांवें यादींत नाहींतच. यादींत नांव असलें तर तपासास माणसें मिळत, पैसा मिळे, वर्तमानपत्रांत छायाचित्र येई. नांव नसलें तर आईनें एकटीनें रडावें. त्याच्या पुस्तकाचें नांवहि 'द लिस्ट', म्हणजे यादी, असेंच आहे.

१९८० च्या ऑक्टोबरांत मात्र साऱ्या शहराची झोंप उडाली. १३ तारखेस बोवेन होम्स या सरकारी वस्तींतील बालगृहांत स्फोट होऊन चार मुलें व एक मोठें माणूस मरण पावलें. चौकशींत बॉयलर फुटल्याचें निष्पन्न झालें. पण त्या दिवशीं तेथें जमलेल्या आईबापांस तें पटेना. त्यांच्या मनांत एकच संशय होता. त्याच आठवड्याच्या शनिवारीं, १८ तारखेस, नगरसभेचे सभासद आर्थर लँगफर्ड यांनीं शेंकडों स्वयंसेवक घेऊन रानांत शोध सुरू केला, आणि पहिल्याच दिवशीं त्या सात वर्षांच्या मुलीचे अवशेष त्यांस सांपडले. पोलिसांस जें चार महिने जमलें नव्हतें, तें साध्या नागरिकांच्या रांगेनें एका सकाळीं केलें. त्यापुढें शनिवारचा शोध हा नियमच झाला. मुलांनीं रात्रीं बाहेर राहूं नये असा हुकूम निघाला. लोक अंगरख्यावर हिरव्या फिती लावून हिंडूं लागले. हिरवा रंग जीविताचा म्हणून.

भिंतीपाशीं झाडलोट करणारे एक वयस्क कृष्णवर्णी गृहस्थ आमच्याशीं आपण होऊन बोलूं लागले. त्या सालीं ते दहा वर्षांचे होते. दिवे लागण्याच्या आंत घरीं यावें लागे, आणि आई दारांत उभी राहून भावंडांस एक, दोन, तीन असें मोजून आंत घेई, असें त्यांनीं सांगितलें. मोठेपणीं आईची ती संवय गेली का, असें आम्हीं विचारलें. ते हंसून म्हणाले कीं, आई वारेपर्यंत सणावारीं सर्व जमलों म्हणजे ती मनांत मोजीत असे. तिचे ओंठ हालतांना दिसत. वहिनींनीं मान दुसरीकडे वळविली.

शहराचें दुःख आतां राष्ट्राचें झालें. संघ सरकारचें तपास-खातें उतरलें. एक लाख डॉलरांच्या बक्षिसाची रक्कम नोटांच्या राशीच्या रूपानें पुढ्यांत ठेवून मेयर जॅक्सन यांनीं छायाचित्र काढविलें. मुष्टियोद्धा मुहम्मद अली यानें आणखी चार लाख देऊं केले. १९८१ च्या मार्चमध्यें फ्रँक सिनात्रा व सॅमी डेव्हिस यांनीं मदतीसाठीं गायनाचा जलसा केला. त्याच महिन्यांत टेकवुड होम्स या वस्तींतील पुरुषांनीं हातांत बेसबॉलचे दांडके घेऊन स्वतःचा पहारा सुरू केला. ही वस्ती १९३६ सालची, सरकारी पैशानें गरिबांसाठीं बांधलेली त्या देशांतील पहिली वसाहत. पोलिसांनीं पहाऱ्यावरच्यांपैकीं कांहींजणांस पकडलें. आणि आयांच्या नशिबीं काय आलें? एप्रिल महिन्यांत संघीय तपास-खात्याच्या एका अधिकाऱ्यानें दुसऱ्या गांवच्या एका सभेंत सांगून टाकलें कीं, यांपैकीं कांहीं मुलें त्यांच्या आईबापांनींच मारलीं आहेत. त्यावरून कोणत्याहि आईबापांवर कधीं खटला झाला नाहीं. पण बोललेला शब्द परत थोडाच घेतां येतो?

तपासास वळण मिळालें तें एका बारीक तंतूमुळें. प्रेतांवरील कपड्यांत व केंसांत पिवळसर हिरव्या रंगाचे नायलॉनचे धागे वारंवार आढळत. सूक्ष्मदर्शकाखालीं त्यांचा आडवा छेद तीन पाकळ्यांसारखा दिसे. तो गालिच्याचा धागा होता, आणि नेहमींच्या गालिच्यांत असा धागा आढळत नसे. फेब्रुवारी १९८१ मध्यें ही गोष्ट वर्तमानपत्रांत फुटली. त्यानंतर प्रेतें नद्यांतून, बहुतेक कपडे काढलेलीं, अशीं सांपडूं लागलीं. मारणारा वर्तमानपत्र वाचतो, आणि पाण्यानें धागे धुवून जावे अशी त्याची इच्छा आहे, असा तर्क करून पोलिसांनीं पुलांवर पाळत ठेविली.

शहराच्या वायव्येस चॅटाहूची नांवाची नदी वाहते. तिजवर जेम्स जॅक्सन पार्कवेचा पूल आहे. २२ मे १९८१ च्या पहांटे तीनच्या सुमारास पुलाखालीं बसलेल्या एका शिकाऊ पोलिसानें पाण्यांत कांहीं जड पडल्याचा आवाज ऐकला. पुलावरून निघालेली एक पांढरी मोटार पोलिसांनीं थांबविली. आंत वेन विल्यम्स नांवाचा तेविशीच्या उंबरठ्यावरचा कृष्णवर्णी तरुण होता; हौशी छायाचित्रकार, होतकरू गायक मुलांचा शोध घेणारा, शिक्षक आईबापांचा एकुलता एक. दोन दिवसांनीं नदीच्या खालच्या अंगास सत्तावीस वर्षांच्या एका पुरुषाचें प्रेत वर आलें. विल्यम्सच्या घरांतील गालिचा पिवळसर हिरवा होता. २१ जून रोजीं त्यास अटक झाली.

आम्हीं तो पूल मुद्दाम पाहिला. मोटारी भरधांव जातात. कोणी थांबत नाहीं, आणि थांबण्यासारखें तेथें कांहीं नाहींहि. पाणी मातकट, दोन्ही तीरांवर दाट झाडी. पहांटेच्या वेळीं या पाण्यांत पडलेल्या एका वस्तूच्या आवाजावर साऱ्या शहराचा प्रश्न येऊन टेकला होता, ही गोष्ट त्या गडबडींत मनास पटतां पटेना.

खटला १९८२ च्या जानेवारींत उभा राहिला. न्यायाधीश क्लॅरेन्स कूपर हे कृष्णवर्णी होते, आणि ज्यूरीच्या बारा सभासदांपैकीं आठ कृष्णवर्णी होते. आरोप दोनच खुनांचे होते, आणि ते दोघेहि मोठे पुरुष होते: एक सत्तावीस वर्षांचा, दुसरा एकवीस वर्षांचा. परंतु पद्धत एकच हें दाखविण्यासाठीं आणखी दहा मृत्यूंचा पुरावा पुढें आणण्याची परवानगी फिर्यादपक्षास मिळाली. कोणी मारतांना पाहिलेलें नव्हतें. सारा भार धाग्यांवर व कुत्र्याच्या केंसांवर होता. तसा गालिचा अटलांटाच्या परिसरांत साधारण पावणेआठ हजार घरांत एखाद्याच घरीं असावा, असें गणित तज्ज्ञांनीं मांडलें. गालिचा एक, मोटारींतील आंथरी दुसरी, पलंगपोस तिसरा, कुत्रा चौथा. इतके योगायोग एका प्रेतावर जुळणें अशक्यप्राय आहे, असें त्यांचें म्हणणें होतें, आणि तें लेंचेंपेंचें नव्हतें. २७ फेब्रुवारी १९८२ रोजीं ज्यूरीनें आरोपीस दोन्ही खुनांबद्दल दोषी ठरविलें. एकामागून एक अशा दोन जन्मठेपी झाल्या. १९८३ सालीं जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयानें निकाल कायम केला.

आणि मग जें झालें, त्यासाठींच हा लेख लिहिण्याची आम्हांस इच्छा झाली. मुलांपैकीं एकाच्याहि खुनाचा खटला विल्यम्सवर चालला नाहीं. निकालानंतर थोड्याच दिवसांत तपास-पथक मोडलें, आणि वीसांहून अधिक प्रकरणें त्याच्या नांवावर मांडून बंद करण्यांत आलीं. दोन मोठ्या माणसांच्या खुनाचा निर्णय झाला. मुलांचीं कागदपत्रें मात्र निर्णयावांचूनच बांधून ठेवलीं गेलीं. कांहीं प्रकरणें तर कोणाच्याच नांवावर मांडलीं गेलीं नाहींत. सप्टेंबर १९८० मध्यें, विमानतळाची नवी इमारत उघडण्याच्या आदल्याच आठवड्यांत, दहा वर्षांचा जो एक मुलगा नाहींसा झाला, तो अद्यापि सांपडलेला नाहीं.

यावर दोन पक्ष पडले आहेत, आणि दोहोंचेंहि म्हणणें ऐकण्यासारखें आहे. एक पक्ष म्हणतो कीं, विल्यम्स पकडला गेला आणि त्या प्रकारच्या हत्या थांबल्या. २०१० सालीं एका मुलाच्या अंगावर सांपडलेल्या केंसांची आधुनिक पद्धतीनें परीक्षा झाली. तिनें शंभरांतील सुमारें अठ्ठ्याण्णव माणसें वगळलीं असतीं, पण विल्यम्स वगळला गेला नाहीं. दुसरा पक्ष म्हणतो कीं, एकाच्या गळ्यांत सारे दोर अडकविणें शहरास सोयीचें होतें. जॉर्जियाच्या तपास-खात्यानें १९८१ सालीं कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या द्वेषपंथी टोळीच्या कांहीं माणसांवर गुप्त पाळत ठेविली होती, व कांहीं हातीं न लागल्यानें ती सोडली होती, हें पुढें बाहेर आलें. खुद्द संघीय खात्यांतील जॉन डग्लस, ज्यांनीं गुन्हेगाराच्या स्वभावाचें चित्र रेखाटण्याचें काम केलें, त्यांनींहि पुढें लिहिलें कीं, विल्यम्सकडे निश्चितपणें बोट दाखविणारे मृत्यु अकरा, सर्व नव्हेत. स्वतः विल्यम्स तुरुंगांतून आपण निरपराध असल्याचें सांगत आला आहे.

लेखकांसहि हा प्रश्न सुटूं देत नव्हता. जेम्स बाल्डविन यांनीं १९८५ सालीं यावर एक छोटें पुस्तक लिहिलें. टोनी केड बंबारा या लेखिका तेव्हां अटलांटांतच राहत होत्या. त्यांनीं यावर रचलेली प्रचंड कादंबरी त्यांच्या मृत्यूनंतर १९९९ सालीं प्रसिद्ध झाली. २००५ सालीं शेजारच्या डिकॅल्ब परगण्यांतील पोलीस-प्रमुखांनीं पांच प्रकरणें पुन्हां उघडलीं; पुढील वर्षीं तीं पुन्हां मिटलीं. २०१९ सालीं मेयर कीशा लान्स बॉटम्स यांनीं सारा जुना पुरावा आजच्या शास्त्रानें तपासण्याचें जाहीर केलें. त्या स्वतः त्या दिवसांत याच शहरांत लहान मुलगी होत्या. २०२१ सालीं नमुने दूरच्या प्रयोगशाळेंत गेले.

आमच्या मतानें खरा प्रश्न विल्यम्स दोषी कीं निर्दोष एवढाच नाहीं. न्यायालयाचें काम समोर उभ्या असलेल्या माणसानें अमुक कृत्य केलें कीं नाहीं तें सांगण्याचें. त्यानें तें दोन कृत्यांविषयीं सांगितलें. आईचा प्रश्न निराळा असतो. माझें मूल कोणास भेटलें, कोठें गेलें, शेवटीं त्यानें कोणास हांक मारली, हें तिला पाहिजे असतें. तो प्रश्न प्रत्येक मुलागणिक स्वतंत्र आहे. एकाच्या उत्तरानें दुसऱ्याचें उत्तर होत नाहीं. हीं सर्व मुलें विल्यम्सनेंच मारलीं असें उद्यां सिद्ध झालें, तरीहि त्या आयांस प्रत्येकीचें उत्तर प्रत्येकीच्या हातांत देणें हें शहराचें ऋण होतें, आणि तें ऋण त्यानें घाईनें खात्यावरून उडवून टाकलें. सवड नसलेल्या शहरास तीहि सवड झाली नाहीं.

त्यांतल्या त्यांत बरी गोष्ट ही कीं, चाळीस वर्षांनीं कां होईना, शहर थांबलें. टेकवुडची वसाहत १९९६ च्या ऑलिंपिकच्या धामधुमींत पाडली गेली. बोवेन होम्स २००९ सालीं गेली. ज्या अंगणांतून हीं मुलें गेलीं तीं अंगणेंच पुष्कळशीं उरलेलीं नाहींत. अशा शहरांत नांवें दगडापाशीं आणून ठेवणें, आणि शेजारीं एक ज्योत तेवत ठेवणें, हें कांहीं थोडें नव्हे. सरकारी यादींत त्या काळीं एकोणतीस नांवें होतीं; भिंतीवर तीस आहेत. तेवढ्या एका नांवावरूनहि कळतें कीं, ही मोजणी अद्यापि संपलेली नाहीं.

निघतांना आम्ही सर्व नांवें सावकाश वाचलीं. वहिनी पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रत्येक नांवाखालीं बोट फिरवीत गेल्या, आणि शेवटच्या नांवाशीं थोडा वेळ थांबल्या. मग मोटारींत बसल्यावर त्यांनीं घड्याळ पाहिलें. शाळा सुटावयास अजून पुरा तास होता, आणि वाट अर्ध्या तासाची. तरी त्या म्हणाल्या, "चला, आज शाळेच्या दारांतच जाऊन उभ्या राहूं." आम्हीं हरकत घेतली नाहीं.